परसात कोंबड्या: परवानगी द्यावी की नाही?

परसदार: परसात सहापर्यंत कोंबड्या पाळू द्याव्यात, असा प्रस्ताव नगरपालिकेसमोर आहे. त्यावर काल एकाने लिहिलं, "पहाटे आरवणं, दुर्गंधी, रोगराई. शहराचा उकिरडा करायचाय का?" वाचून राहवेना. अहो, आरवतो तो कोंबडा! अंड्यांसाठी तो लागतच नाही, पिल्लांसाठी लागतो. प्रस्तावात कोंबड्याला बंदीच आहे. कोंबडी अंडं घातल्यावर थोडा वेळ कलकलते, अंधार पडला की दांडीवर चढून गप्प. वास येतो तो ओल्या विष्ठेतल्या अमोनियाचा. खालचा भुसा कोरडा ठेवला की प्रश्न मिटला.

तिसरा मजला: ठेवणार कोण? आमच्या शेजाऱ्यांनी हौसेने पाच आणल्या. दोन महिने कौतुक, मग खाद्याचं घमेलं रात्रभर उघडं. मी बॅटरी घेऊन बघितलं, खुराड्यामागे उंदरांचं बीळ आणि तोंडाशी मक्याचे दाणे सांडलेले. तक्रार केली तर उत्तर मिळालं, "नियमच नाही, कारवाई कशाखाली करू?"

परसदार: मग नियम हवा म्हणूनच भांडतोय ना मी! खाद्य बंद डब्यात, भिंतीपासून अंतर, अर्ध्या इंचाची जाड तारेची जाळी. षटकोनी जाळीने कोंबडी आत राहते, पण उंदीर आत यायचे थांबत नाहीत.

रिकामं खुराडं: जाळीचं राहू द्या. अंडी थांबल्यावर काय, हे कुणीच बोलत नाही. पाचव्या महिन्याच्या आसपास तलंग अंड्यावर येते, दोन-तीन वर्षांनी अंडी कमी होतात, जगते मात्र सात-आठ वर्षं. आमची तपकिरी कोंबडी माझ्या हातातून दाणे टिपायची. एक दिवस शाळेतून आले, तर खुराडं रिकामं आणि दाराच्या कडीला एक पीस अडकलेलं. बाबांनी काही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

खाणारा माणूस: वाईट वाटलं. पण पाळली, खाल्ली, यात गुन्हा काय? अंड्यांच्या जातीची नरपिल्लं उबवणी केंद्रात पहिल्याच दिवशी मारतात. विकतची अंडी खाताना तो हिशोब कोण करतं?

रिकामं खुराडं: परसातली कोंबडीही त्याच केंद्रातून येते! आणि शेजारच्या पोरांसमोर अंगणात सुरी चालवणार का? प्रस्तावात यावर एक ओळ नाही.

खाणारा माणूस: अंगणात नको, हे कबूल. पण पाळणाऱ्याला खुनी ठरवू नका.

रिकामं खुराडं: खुनी मी म्हटलेलं नाही. शब्द माझ्या तोंडी घालू नका.

तिसरा मजला: तुमचं भांडण चालू द्या, बर्ड फ्लूचं काय? १९९७ साली हाँगकाँगमध्ये एच५एन१ ची १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली.

परसदार: धोका आहे, नाकारत नाही. पण चोरून पाळलेल्या कोंबड्या साथीत शोधणार कशा? नोंदणी असेल तर घर तरी सापडेल.

तिसरा मजला: बरं, नोंदणीपुरतं मानलं. तक्रार आल्यापासून आठ दिवसांत तपासणी, हे कलम घाला, मी विरोध मागे घेतो. ते नसेल तर सुनावणीला येऊन त्या बिळाचे फोटो दाखवणार.

परसदार: कलमाचा मसुदा मी लिहितो. फोटो घेऊन याच.

रिकामं खुराडं: त्यात म्हाताऱ्या कोंबड्यांचंही लिहा.