मदत हवी आहे: दोन मुलांसाठी कार्गो ई-सायकल, पुढे पेटीवाली की मुलं मागे बसवायची?

नमस्कार मंडळी. आम्ही जर्मनीत श्टुटगार्टला राहतो. लेक ५ वर्षांची, मुलगा २ वर्षांचा. दोघांना सोडायचं आणि येताना आठवड्याचा बाजार आणायचा.

मुलं आणि सामान वाहणाऱ्या दोन सायकली डोळ्यांसमोर आहेत. अर्बन ॲरो या सायकलीत मुलं पुढच्या पेटीत, अगदी नजरेसमोर बसतात. पावसाचं छतही लावता येतं. पण ती अडीच मीटरहून लांब, आमच्या इमारतीच्या दारातून वळणं अवघड. दुसरी टर्न जीएसडी, २० इंची चाकांची, साध्या सायकलएवढीच लांब आणि मागच्या टोकावर उभी करून कोपऱ्यात ठेवता येते. मात्र मुलं पाठीमागे. धाकटा पेंगला तर मला कळणार कसं, हीच धास्ती.

शहर वाटीसारखं खोलगट, घर वरच्या अंगाला. चढाला मोटर आहे, खरी काळजी उताराची. मुलं आणि सामान भरल्यावर ब्रेक नीट लागतात का? ब्रेकचे पॅड किती दिवसांनी बदलावे लागतात? दोन्ही चालवलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.