मॉरिस मायनर: पेट्रोल पंपाची टिकटिकच येत नाही

सुरसागर (बडोदा)

नमस्कार मंडळी. गाडी मॉरिस मायनर १०००, १९५९ ची, ९४८ सीसी. आजोबांनी घेतली, बाबांनी चालवली, आता माझ्याकडे आहे. पेट्रोल पंप मूळचा, एसयू कंपनीचा विजेवर चालणारा, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर बसतो तो.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं. गाडी निम्म्या चाकापर्यंत पाण्यात होती. इंजिन वाचलं, पण खालचा पत्रा सडला. पत्र्याचं आणि रंगाचं काम आत्ता कुठे पूर्ण झालं. इंजिनमागचा पत्राही रंगवला, त्यासाठी पंप काढून परत बसवला.

आता किल्ली फिरवली की डॅशवरचा लाल दिवा लागतो, पण पंप गप्प. टर्मिनलवर मीटर लावला, १२.४ व्होल्ट येतात. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकलं तर एकदा दोन टिक आल्या, मग पुन्हा शांत. टाकीत १० लिटर नवं पेट्रोल आहे. गॅरेजवाल्याचं म्हणणं, पंपाच्या आतली कॉइल (तारेचं वेटोळं) जळली, हा पंप काढून टाका आणि इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावा.

मला तो पंप काढायचा नाही. बाबा किल्ली फिरवायचे, बॉनेटखालून टिक-टिक-टिक यायची, हळू होत होत थांबायची. ती थांबल्याशिवाय त्यांनी स्टार्टरची मूठ कधी ओढली नाही. शाळेला उशीर होत असला तरी नाही. कॉइल खरंच गेली आहे का, हे घरच्या घरी कसं कळेल?

जुना ऑटो इलेक्ट्रिशियन

कॉइल गेली असं इतक्यात म्हणू नका. आधी सांगा, मीटरची दुसरी पिन कुठे लावली होती? बॅटरीला की पंपाच्या अंगाला?

मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरच्या सगळ्या तारा तुटून एकच उरली असली तरी तो १२ दाखवतो. म्हणून इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरला दोन वायरी जोडा. हा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्याच्यापुढे कच्चा जोड टिकत नाही. इग्निशनच्या स्विचपासून पंपाला येणारी पांढरी वायर असेल. ती काढून बल्बचं एक टोक तिला लावा, दुसरं बॅटरीच्या प्लसला. तुमच्या गाडीत प्लस बॉडीला आहे हे विसरू नका, मूळ वायरिंग असेल तर. मग तेच दुसरं टोक प्लसवरून काढून पंपाच्या अंगाला टेकवा. दोन्ही वेळचा उजेड सांगा.

पेट्रोलची कुठलीही नळी उघडी असताना हे करू नका. बल्बच्या टोकाला ठिणगी पडते.

टाकी फुल्ल (इंदूर)

काकांनी सांगितलंय ते आधी करा. मी फक्त त्या इंजेक्शनच्या पंपाबद्दल लिहितो, कारण ते ऐकून काळजी वाटली. तो पंप ३ बारच्या आसपास दाब देतो. एसयू कार्बोरेटरची फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोल अडवते ती) एक-दोन पीएसआयवर बसणारी. ३ बार म्हणजे ४३ पीएसआय. सुई उचलली जाईल, पेट्रोल बाहेर वाहील, आणि तुमच्या इंजिनात कार्बोरेटरच्या बरोबर खाली एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आहे. कृपा करून तो लावू नका.

दोन्ही वेळा बल्ब नीट पेटला आणि तरी पंप हलला नाही, तर वरचं काळं झाकण काढून पॉइंट बघा, म्हणजे कॉइलचा करंट चालू-बंद करणारे संपर्क. गाडी उभी राहिली की त्यांच्यावर करडा थर चढतो. इग्निशन बंद ठेवून लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची पट्टी मधून चार-पाच वेळा ओढा. खरखरीत पॉलिश पेपर नको. आणि पंप गप्प असताना किल्ली चालू ठेवून बसू नका. पॉइंट मिटलेल्या जागी अडकले असतील तर करंट सलग वाहतो आणि चांगली कॉइल खरंच जळते.

सुरसागर (बडोदा)

काका, दुसरी पिन बॅटरीला होती.

आज सकाळी केलं. प्लसला लावून बल्ब झगझगीत. पंपाच्या अंगाला लावला तर नुसती तार लालसर दिसली, तीही हाताची सावली केल्यावर. मग पांढरी वायर परत जोडली, किल्ली चालू केली आणि पंपाचं अंग ते बॅटरीचा प्लस असं मोजलं: १०.६ व्होल्ट. तिथे शून्याच्या जवळ यायला हवं ना?

जुना ऑटो इलेक्ट्रिशियन

अर्थिंग गेलं आहे, म्हणजे पंपाच्या अंगाचा गाडीच्या बॉडीशी असलेला जोड. १२.४ पैकी १०.६ व्होल्ट पंप आणि बॉडीच्या मधेच खर्च होतायत, कॉइलला उरतात जेमतेम १.८. एवढे व्होल्ट दिसतायत म्हणजे करंट कॉइलमधून आणि पॉइंटमधून जातोय, दोन्ही शाबूत आहेत. ठोकल्यावर दोन टिक आल्या त्या पॉइंटमुळे नव्हत्या. हादऱ्याने रंगाखालचा पत्रा क्षणभर टेकला असणार. जाड वायरीने पंपाचं अंग थेट प्लसला जोडून बघा.

सुरसागर (बडोदा)

चालला! क्लिप लावली आणि लगेच टिकटिक सुरू. आई आतल्या खोलीतून बाहेर आली, काही बोलली नाही, दारात उभी राहून ऐकत होती.

नंतर पंप उतरवला. अर्थिंगच्या वायरीचं टोक स्क्रूखाली होतं खरं, पण त्याच्याखाली फिकट हिरव्या रंगाचा जाड, गुळगुळीत थर, अगदी भोकाच्या आतपर्यंत. टोकावर पुरानंतरची हिरवट बुरशी. रंग रुपयाएवढा खरवडला, पत्रा चमकेपर्यंत. टोक नवीन दाबून लावलं, वर ग्रीस. आता अंग ते प्लस ०.०४ व्होल्ट.

एक शंका. इंजिन बंद, किल्ली चालू, टिकटिक थांबते. पण नंतर दर सात-आठ सेकंदांनी एक टिक येतेच.

जुना ऑटो इलेक्ट्रिशियन

०.०४ छान. बंद इंजिनवर पंप बराच वेळ गप्प राहायला हवा. टिक येते म्हणजे भरलेलं पेट्रोल कुठेतरी सुटतंय. आधी फ्लोटच्या वाटीची ओव्हरफ्लोची नळी ओली आहे का बघा. ओली असेल तर सुई बसत नाही. कोरडी असेल आणि बाहेर कुठे गळत नसेल तर पंपाच्या आतली झडप, पेट्रोल मागे टाकीकडे उतरतंय. पंपाच्या बुडाशी मोठा नट आहे, त्यात पितळी जाळी असते, तीही काढून बघाच. टाकी पुरात होती.

सुरसागर (बडोदा)

नळी कोरडी, बाहेर कुठे ओल नाही. जाळीवर बोटाच्या पेराएवढा तपकिरी गाळ निघाला. जाळी धुतली, झडपेच्या चकतीखाली दोन कण होते तेही पुसले. आता टिक थांबल्यावर दीड मिनिट काही आवाज नाही. टाकी रविवारी उतरवतो.