मदत हवी आहे: तोकी पोनातला 'पी' नक्की कुठे लावायचा?

नमस्कार मंडळी,

महिनाभर तोकी पोना शिकतेय. कॅनडाच्या सोन्या लँग यांनी २००१ मध्ये मांडलेली भाषा. ध्वनी १४, आणि त्यांच्या २०१४ च्या पुस्तकात शब्द जेमतेम १२०. क्रियापदाला काळ नाही, नामाला लिंग नाही. तिथेही 'मी' म्हणजे मीच, त्यामुळे पहिल्या दिवशी वाटलं, ही तर घरचीच! 'मी मोकू ए किली', म्हणजे मी फळ खाते. कर्म मागून येतं आणि त्याच्या आधी 'ए', हे बसलं. नुसता 'मी' किंवा 'सिना' (तू) कर्ता असेल तर क्रियापदाआधीचा 'ली' नको, बाकीच्यांना हवा, हेही दोनदा चुकून का होईना, डोक्यात शिरलं.

गाडी अडलीय 'पी'वर. मी त्याला आपला चा-ची-चे समजले. 'माझं घर' म्हणून 'तोमो पी मी' लिहिलं, तर चूक. नुसतं 'तोमो मी' बरोबर म्हणे! मग 'मी माझ्या मित्राच्या घरी जाते' यासाठी लिहिलं, 'मी तावा तोमो पी यान पोना पी मी' ('यान' माणूस, 'पोना' चांगला, मिळून मित्र). तेही चूक. का?

दुसरी अडचण नावाची. मी आरती. तिथे 'र' नाही, म्हणून 'ल'. 'ती' हे अक्षर चालत नाही, त्याचं 'सी'. झालं 'यान आलासी'. आई म्हणाली, "बरोबर ओळखलंय तुला." यातून सुटका आहे का?

प्रतिसाद

आरतीताई, 'पी' म्हणजे 'चा' हे आधी डोक्यातून काढा. एरवी मागून येणारा प्रत्येक शब्द थेट पहिल्या शब्दाला चिकटतो. 'तोमो' घर, 'तेलो' पाणी, 'नासा' विचित्र. 'तोमो तेलो' म्हणजे न्हाणीघर आणि 'तोमो तेलो नासा' म्हणजे विचित्र न्हाणीघर. आता 'तोमो पी तेलो नासा' म्हणा. 'पी'ने पुढच्या दोन शब्दांची आधी मोळी बांधली. विचित्र पाणी म्हणजे दारू, आणि तिचं घर म्हणजे गुत्ता!

एका काटकीची मोळी होत नाही, म्हणून 'पी'पुढे एकटा शब्द नको. तुमचं वाक्य असं: 'मी तावा तोमो पी यान पोना मी'. यातला 'पी' गाळलात तर घरच चांगलं आणि तुमचं होईल, मित्र गायब.

नावाचं म्हणाल तर उच्चारात तुमचा 'र' अर्धाच आहे, तो सरळ गाळा: 'यान आसी'. 'यान' मात्र हवाच. तिथे नाव विशेषणासारखं येतं, एकटं उभं राहत नाही. आमचं पुणं नशीबवान, 'मा तोमो पुने' ('मा तोमो' म्हणजे शहर)! फक्त 'ण'चा 'न' झाला. तेवढंही कुणाकुणाला खपायचं नाही म्हणा.

आरती

खूप आभार! गुत्ता आता जन्मात विसरणार नाही. 'आसी' घरी सांगून पाहिलं. आई 'आलासी'वर ठाम आहे.