सिस्टिम अपडेट मारलं की पीएचपी सुरक्षित?

सर्व्हरवाला_नाना
काल एकाने ठणकावून लिहिलं, "उबुंटू २०.०४ वर पीएचपी ७.४.३ चालवणारे म्हणजे दार सताड उघडं टाकून गावाला जाणारे." राहवलं नाही, म्हणून वेगळा धागा. (नवख्यांसाठी: उबुंटू ही सर्व्हरवरची लिनक्स प्रणाली, पीएचपी ही वेबसाइट चालवणारी भाषा.) अहो, ७.४.३ च्या मागे "-४उबुंटू२" आणि पुढे टिंब देऊन आकडा असतो, तो कोण वाचणार? उबुंटूवाले नव्या आवृत्तीतली दुरुस्ती तेवढी उचलून जुन्या पॅकेजात बसवतात. पीएचपीच्या मूळ मंडळींनी ७.४ ला नोव्हेंबर २०२२ मध्ये रामराम ठोकला, तरी उबुंटूचे पॅच २०२५ पर्यंत येत होते. चेंजलॉग (बदलांची नोंद) उघडा, सीव्हीई नंबरासकट, म्हणजे जाहीर झालेल्या प्रत्येक सुरक्षा-त्रुटीच्या क्रमांकासकट, सगळं लिहिलेलं असतं.

रेवती_घाटावरची
असहमत. पॅकेजवाल्यांवर एवढा भरवसा? उबुंटू जिच्यावरून बनली ती डेबियन विसरलात वाटतं. एक वॉर्निंग गप्प करायला ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीमधली ओळ काढली आणि किल्ल्या बनवताना रँडम म्हणून उरला फक्त प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रामचा क्रमांक). ३२,७६८ शक्यता! २००६ पासून २००८ पर्यंत कोणाला पत्ता नाही. मूळ कोडला हातच लावला नसता तर?

सर्व्हरवाला_नाना
आलं का ते २००८! ताई, विषय पीएचपीचा चाललाय.

ऑडिटग्रस्त
अवांतर: आमच्या क्लायंटच्या ऑडिटरने अकरा "क्रिटिकल" काढले, सगळे सर्व्हरच्या उत्तरासोबत जाणाऱ्या हेडरमधला ७.४.३ वाचून. चेंजलॉग दाखवला, चार मेल लिहिले, ढिम्म. शेवटी एक्स्पोझ_पीएचपी, म्हणजे आवृत्ती जाहीर करणारं सेटिंग, ऑफ केलं. पुढचा रिपोर्ट कोरा करकरीत! वर अभिनंदनाचा मेल.

रेवती_घाटावरची
म्हणजे मीटरला लोहचुंबक लावलंत.

ऑडिटग्रस्त
मीटरच खोटा पळत असेल तर काय करू? बिल मी भरतोय. रात्री दोनला एक्सेल भरून बघा एकदा, मग बोला.

कोकणी_कमांडलाइन
+१. आमच्याकडे तर स्कॅनर पोर्ट बंद असलेल्या सर्व्हिसवरही लाल करतो. ऑडिटरला विचारलं तर म्हणे, "टूलने सांगितलं."

रेवती_घाटावरची
ऑडिटरचं रडगाणं पुरे. माझी साइट गेली तेव्हा अॅप्ट अपग्रेड (उबुंटूची पॅकेजं अपडेट करणारी कमांड) रोज रात्री चालत होतं. घुसले कुठून? व्हेंडर फोल्डरमधल्या पीएचपीयुनिट या चाचणीच्या टूलच्या इव्हॅल-स्टडइन फाइलमधून. सीव्हीई-२०१७-९८४१. कॉम्पोझरने (पीएचपीच्या लायब्रऱ्या आणणाऱ्या टूलने) व्हेंडर फोल्डरमध्ये आणलेलं अॅप्टला दिसतच नाही, नाना. दुकानाला कुलूप, गोदाम उघडं.

सर्व्हरवाला_नाना
बरं, मान्य. पण त्यात पीएचपीचा दोष नाही, व्हेंडर फोल्डर वेबरूटमध्ये, म्हणजे बाहेरून उघडता येणाऱ्या फोल्डरात, ठेवणाऱ्याचा आहे.

रेवती_घाटावरची
ठेवणारी मीच होते, धन्यवाद. आता तुमच्या सर्व्हरवर त्याच फाइलच्या नावाने फाइंड (शोधायची कमांड) मारा आणि काय सापडतं ते इथे लिहा.

सर्व्हरवाला_नाना
(४० मिनिटांनी) एक निघाली. स्टेजिंगवर (चाचणीच्या सर्व्हरवर). हसू नका.

ऑडिटग्रस्त
ही ऑडिटरला दिसली नव्हती बरं का.