मदत हवी आहे: जाळीच्या ऑपरेशननंतर त्रास, पुण्यात कायदेशीर दाद कशी मागायची?

अनघा_प

मावशीसाठी विचारते आहे. वय ६१, राहणार सिंहगड रस्ता. अंग बाहेर येत होतं म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये पुण्यातल्या एका खासगी रुग्णालयात योनिमार्गातून ऑपरेशन झालं. बिल १ लाख ८५ हजार, त्यातले दीड लाख मेडिक्लेमने भरले. काही महिन्यांतच अंगावरून पांढरं आणि मधूनच रक्त जायला लागलं, लघवीचं इन्फेक्शन वरचेवर होऊ लागलं. त्याच डॉक्टरांना दाखवलं तर वयामुळे कोरडेपणा येतो असं सांगून क्रीम दिलं. ऑगस्ट २०२५ मध्ये दुसऱ्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा योनीच्या भिंतीतून जाळी (सैल पडलेल्या अवयवांना आधार म्हणून आत बसवतात ती कृत्रिम जाळी) उघडी पडलेली दिसली. जाळी बसवली आहे हेच मावशीला तेव्हा कळलं. डिस्चार्ज कार्डावर फक्त 'रिपेअर' लिहिलंय. संमतीपत्र इंग्रजीत होतं, सही आहे, पण प्रत आमच्याकडे नाही.

ऑपरेशनला दोन वर्षं होऊन गेली, मग मुदत संपली का? तक्रार कुठे करायची? जाळी काढायचं ऑपरेशन ठरतंय, ते केस होईपर्यंत थांबवायचं का? आणि अमेरिकेत अशा जाळीसाठी भरपाई मिळते असं वाचलं, तिकडच्या वकिलांचे फॉर्म भरावेत का?

ग्राहकन्याय

मुदतीचं आधी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९: तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. इजा आतल्या आत असेल तर ती कळली किंवा नीट लक्ष दिलं असतं तर कळू शकली असती, तिथपासून मुदत मोजतात. म्हणजे ऑगस्ट २०२७ पर्यंत वेळ आहे असं मांडता येईल. पण यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा श्रीखंडे विरुद्ध फर्नांडिस निकाल वकिलांना वाचायला सांगा. पोटात गॉझ राहिल्याचा तो खटला. पेशंटला ऑपरेशननंतर वर्षानुवर्षं दुखत होतं, तरी तिने त्या डॉक्टरांकडे विचारणा केली नाही, म्हणून तक्रार मुदतबाह्य ठरली. तुमच्या बाजूने नेमकी उलट गोष्ट आहे: मावशी त्याच डॉक्टरांकडे गेल्या होत्या आणि त्यांना वेगळंच कारण सांगितलं गेलं. त्यामुळे ओपीडीचे ते कागद, क्रीमची चिठ्ठी, मेडिकल दुकानाची बिलं, युरिन कल्चरचे रिपोर्ट ही सगळी तारीखवार लावा. मुदतीचा मुद्दा त्यांच्यावरच उभा राहील. तक्रारीसोबत विलंब माफीचा अर्जही जोडून ठेवायचा, गरज नाही असं वाटलं तरी.

तक्रार पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात. जिल्हा, राज्य की राष्ट्रीय आयोग हे किती भरपाई मागता यावर ठरत नाही, सेवेसाठी किती पैसे दिले यावर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर फी शून्य. विमा कंपनीने पैसे भरले तरी पेशंट ग्राहकच. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येते.

आता खरा कस लागतो ती जागा. जाळी उघडी पडणं ही माहीत असलेली गुंतागुंत आहे, ती झाली एवढ्यावर निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. आयोगात पहिल्याच फटक्यात समोरचे वकील हेच म्हणतील. म्हणून तक्रारीचा भर दोन गोष्टींवर ठेवा. एक, संमती. समीरा कोहली निकालात, २००८ साली, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की उपचाराचं स्वरूप, फायदे, मोठे धोके आणि पर्याय पेशंटला आधी कळले पाहिजेत. जाळीशिवाय स्वतःच्याच ऊतींची दुरुस्ती किंवा रिंग पेसरी (आधारासाठी योनीत बसवायची, काढता येणारी कडी) हे पर्याय सांगितले होते का? मावशींना इंग्रजी वाचता येतं का? दोन, ऑपरेशननंतर तक्रारी सांगूनही तपासणी करून जाळीचा विचार केला गेला नाही. माझ्या मते दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच जड आहे, लोक तो विसरतात.

ओटी_नोंदी

वरचं सगळं बरोबर, पण रेकॉर्ड हातात नसेल तर वकील काहीच करू शकणार नाही. आणि इथे घाई आहे. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत भरती पेशंटचं रेकॉर्ड उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायचं बंधन आहे. तुमच्या बाबतीत ते नोव्हेंबर २०२६ ला संपतं. लेखी मागितल्यावर ७२ तासांत प्रती द्यायच्या असतात.

मागताना 'केस पेपर द्या' एवढं म्हणू नका. नावानिशी मागा: इनडोअर केस पेपर, ऑपरेशन नोट, भूल नोट, नर्सिंग नोंदी, संमतीपत्र, सविस्तर बिल आणि इम्प्लांट स्टिकर. जाळीच्या खोक्यात छोटे चिकट स्टिकर येतात. त्यावर उत्पादकाचं नाव, कॅटलॉग नंबर, लॉट नंबर आणि मुदत छापलेली असते. एक केस पेपरवर चिकटवायचा, एक बिलासाठी. स्टिकर नसेल तर ओटीचं (ऑपरेशन थिएटरचं) इम्प्लांट रजिस्टर आणि खरेदीचं चलन मागा. मेडिक्लेमच्या फाईलमध्येही पाहा. क्लेम पास करताना टीपीए (विमा कंपनीतर्फे क्लेम तपासणारी संस्था) बऱ्याचदा स्टिकर मागतं, त्यामुळे रुग्णालयाकडे नसलेला कागद कधी कधी विमा कंपनीकडे सापडतो.

हर्नियाची सपाट जाळी कापून अशा ऑपरेशनला वापरल्याचीही उदाहरणं असतात. तसं असेल तर ते कॅटलॉग नंबरवरूनच उघडं पडेल.

वकिलाची नोटीस आधी पाठवू नका. आधी रेकॉर्ड, मग नोटीस.

अनघा_प

खूप आभार. रुग्णालयात तोंडी विचारलं तर "पेशंटने स्वतः यावं, डॉक्टरांची परवानगी लागेल" म्हणाले. जाळी काढण्याबद्दल कोणी सांगेल का?

स्त्रीरोग_विभाग

केससाठी ऑपरेशन लांबवू नका. जाळी मूत्राशयात किंवा मूत्रमार्गात घुसली असेल तर तिच्यावर खडे धरतात आणि इन्फेक्शन हटत नाही. लघवीचं इन्फेक्शन वरचेवर आहे म्हणजे सिस्टोस्कोपी (दुर्बिणीने मूत्राशय आतून पाहणं) झालीच पाहिजे. झाली नसेल तर विचारा का नाही. जाळी सीटी स्कॅनमध्ये नीट दिसत नाही, खालून केलेल्या ट्रान्सलेबियल सोनोग्राफीत चांगली दिसते. युरोगायनेकॉलॉजीचं (स्त्रियांच्या मूत्रमार्गाच्या आणि अंग बाहेर येण्याच्या तक्रारींचं) काम नियमित करणाऱ्याकडेच जा. उघडी पडलेली छोटी कड कापून काढणं वेगळं आणि खोलवर गेलेले जाळीचे पट्टे सोडवणं वेगळं. पुष्कळदा सगळी जाळी निघत नाही, ते आधीच विचारून घ्या.

पुराव्याच्या दृष्टीने हे ऑपरेशन फार महत्त्वाचं आहे. आधी सर्जनला लेखी विनंती द्या: कापण्यापूर्वी फोटो काढावेत, जाळी कुठे आणि किती सेंटिमीटर उघडी होती, किती तुकडे काढले, किती आत राहिली हे ऑपरेशन नोटमध्ये लिहावं, आणि काढलेला प्रत्येक तुकडा हिस्टोपॅथॉलॉजीला (सूक्ष्मदर्शकाखालच्या तपासणीला) जावा. नाहीतर तो पिवळ्या पिशवीतून जैववैद्यकीय कचऱ्यात जातो आणि परत मिळत नाही. लॅबला वेगळं पत्र द्या की उरलेला नमुना, ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) आणि स्लाइड टाकू नयेत. नवीन डॉक्टरांकडून "आधीच्यांनी चूक केली" असं लिहून मागू नका, कोणी देणार नाही. त्यांनी जे पाहिलं ते नीट मोजून लिहिलं तरी पुरेसं आहे.

मुळामुठा

सरळ पोलीस तक्रार करा, त्याशिवाय रुग्णालयं हलत नाहीत.

ग्राहकन्याय

असं करू नका. जेकब मॅथ्यू निकालानंतर, म्हणजे २००५ पासून, डॉक्टरांवर फौजदारी गुन्ह्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो आणि आधी स्वतंत्र डॉक्टरांचं मत घ्यावं लागतं. ते मत विरोधात गेलं तर तेच आयोगात तुमच्यापुढे ठेवलं जाईल. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे तक्रार करता येते, पण तिथे शिस्तभंगाची कारवाई होते, भरपाई मिळत नाही. रेकॉर्ड देत नाहीत ही तक्रार मात्र पुणे महापालिकेच्या आरोग्य खात्याकडे आणि परिषदेकडे जरूर करा.

उत्पादक कंपनीला पक्षकार करायचं का, हा वेगळा प्रश्न. २०१९ च्या कायद्यात कलम ८२ ते ८७ उत्पादन दायित्वाची आहेत. अडचण कलम ८७ ची: वस्तू तज्ज्ञानेच वापरायची असेल आणि कंपनीने तज्ज्ञाला धोके नीट कळवले असतील तर कंपनी सुटू शकते. वस्तूत बदल केला असेल तरीही, म्हणजे कापून वापरलेल्या हर्नियाच्या जाळीत हा बचाव येणारच. पण कंपनीने माहितीपत्रकात धोका छापला होता हे एकदा पुढे आलं की डॉक्टरांनी तो पेशंटला का सांगितला नाही, हा प्रश्न जास्त टोकदार होतो. म्हणून लॉट नंबर मिळाल्यावर त्या जाळीचं माहितीपत्रक मिळवाच.

अमेरिकेचं: तिथल्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) १६ एप्रिल २०१९ ला अंग बाहेर येण्यासाठी योनिमार्गातून बसवायच्या जाळीची विक्री थांबवायला सांगितली. लघवी गळू नये म्हणून बसवायच्या स्लिंगला (जाळीच्या पट्टीला) आणि पोटातून बसवायच्या जाळीला तो आदेश नव्हता. भारतात तो कायदा म्हणून लागू नाही, पण २०२३ मध्ये हा धोका जगजाहीर होता हे दाखवायला उपयोगी आहे. पुण्यात झालेल्या ऑपरेशनसाठी तिकडच्या फर्मचे फॉर्म भरण्यात अर्थ नाही, उगाच खासगी कागद परक्यांच्या हाती जातात.

विधीसेवा_पुणे

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर शिवाजीनगर न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. खासगी वकील घेतलात तर वैद्यकीय निष्काळजीपणाच्या किती तक्रारी चालवल्या आणि तज्ज्ञाचं मत कुठून आणणार, हे दोनच प्रश्न विचारा. भरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवणाऱ्याकडे जाऊ नका, बार कौन्सिलच्या नियमांत ते बसत नाही.

रुग्णालय आणि डॉक्टर दोघांनाही पक्षकार करा. डॉक्टर 'व्हिजिटिंग' (बाहेरून येऊन ऑपरेशन करणारे) होते म्हणून रुग्णालयाला हात झटकता येत नाहीत.

ओटी_नोंदी

अर्जाचा मजकूर देतो. मावशींच्या सहीने, दोन प्रतींत, एकीवर आवक शिक्का घ्यायचा. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा.

"मा. वैद्यकीय अधीक्षक यांस. मी दि. … ते दि. … आपल्या रुग्णालयात दाखल होते, आयपीडी क्र. … . माझ्या संपूर्ण इनडोअर रेकॉर्डच्या साक्षांकित प्रती, तसेच माझ्या शरीरात बसवलेल्या जाळीचा स्टिकर, लॉट क्रमांक व इम्प्लांट रजिस्टरमधील नोंद ७२ तासांच्या आत मिळावी. मूळ रेकॉर्ड नष्ट करू नये. प्रतींचा खर्च देण्यास मी तयार आहे. माझी भाची … हिला प्रती स्वीकारण्याचा अधिकार देत आहे."

शेवटच्या वाक्याखाली मावशींची वेगळी सही आणि दोघींच्या आधारची प्रत जोडा, म्हणजे "पेशंटने स्वतः यावं" हे उत्तर देता येणार नाही. मिळालेल्या प्रतींची पानं काउंटरवरच मोजा आणि पोचपावतीवर तो आकडा लिहून घ्या.