मदत हवी आहे: .२२ रायफल ५० यार्डाला झिरो आहे, तरी जवळच्या खारीवर गोळी खाली लागते

रानवाटा

प्रश्न अमेरिकेतल्या शिकारीचा आहे. परवाना काढून, हंगामात, करड्या खारीची शिकार. भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे हा विषयच बंद आहे, त्यामुळे कृपया त्यावर चर्चा नको.

रायफल बोल्ट अॅक्शन (प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागेपुढे करायची), .२२ एलआर (लाँग रायफल). स्कोप ३-९×४०, हरणाच्या रायफलवरून काढून हिच्यावर बसवलेला. स्कोप धरणाऱ्या रिंगा उंच आहेत. झिरो (नेम आणि गोळी एकाच जागी येतात ते अंतर) ५० यार्डाला, ४० ग्रेन (गोळीचं वजन) स्टँडर्ड व्हेलॉसिटी काडतुसांनी (डब्यावर वेग १०७० फूट प्रति सेकंद). टेबलावरून पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा घोळका) पाऊण इंचात येतो. रानात मात्र ३६ ग्रेन हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ गोळी) वापरतो, १२६० फूट प्रति सेकंद.

अडचण अशी:
१. खार १०-१२ यार्डावर असली की डोक्यावर नेम धरूनही गोळी पाऊण ते एक इंच खाली जाते.
२. ४५-५० यार्डावरच्या खारीच्या डोक्यावरून निघून जाते.
३. जवळच्या नेमात कधी कधी डावीउजवीकडेही फरक पडतो.

झाडावर वरच्या दिशेला नेम धरतो म्हणून असं होतं का? स्कोप बदलू की रायफल? जवळच्या अंतरासाठी क्लिक (स्कोपच्या नेम हलवणाऱ्या चकतीचे टप्पे) फिरवून झिरो खाली-वर करावा का?

सागवान

रायफल बदलू नका. ५० यार्डाला पाऊण इंच म्हणजे नळी चांगली आहे. आणि जवळच्या चुकीसाठी क्लिक तर मुळीच फिरवू नका, कारण पुढे देतो.

गोळी नळीतून निघते आणि तुम्ही पाहता स्कोपमधून. या दोन रेषांमध्ये उंच रिंगांमुळे दोन इंचांचं अंतर पडतं. नळीतून निघताना गोळी तुमच्या नजरेच्या रेषेच्या दोन इंच खाली असते आणि हळूहळू वर येऊन त्या रेषेला भेटते. १० यार्डापर्यंत तिला वर यायला पुरेसा पल्लाच मिळालेला नसतो, म्हणून गोळी खाली. त्यात बिघाड काही नाही.

आधी उंची मोजा. बोल्टच्या मध्यापासून स्कोपच्या नळीच्या मध्यापर्यंत, पट्टी उभी धरून. ती दोन इंच आली आणि ४० ग्रेन १०७० ची गोळी ५० यार्डाला झिरो असेल, तर हिशेब साधारण असा बसतो:

१० यार्ड: ०.९ ते १ इंच खाली
१५ यार्ड: अर्धा इंच खाली
२५ यार्ड: जवळजवळ नेमावर
४० यार्ड: ०.३ इंच वर
५० यार्ड: नेमावर
६० यार्ड: ०.७ इंच खाली
७५ यार्ड: सव्वादोन ते अडीच इंच खाली

म्हणजे २५ ते ५० यार्डात तुम्हाला काहीच करावं लागत नाही. पंधराच्या आत आलं की वर धरायचं. १२ यार्डावर पाऊण इंच, म्हणजे क्रॉसहेअर (स्कोपमधली नेमाची फुली) कानाच्या टोकापाशी.

आता क्लिकचं. स्कोपचा एक क्लिक १०० यार्डावर पाव इंच हलवतो. ५० वर तोच अष्टमांश इंच, आणि १२ यार्डावर त्याहून चौपट कमी. बारा यार्डावरचा पाऊण इंच काढायला पंचवीसेक क्लिक लागतील आणि तेवढ्याने ५० यार्डावर गोळी तीन इंच वर जाईल. जवळची खार नीट लागेल, पण बाकी सगळ्या चुकतील.

ओकची फांदी

कोनाबद्दल: वर किंवा खाली कोणत्याही दिशेला तिरपा नेम धरला की गोळी नेमाच्या थोडी *वर* लागते, खाली नाही. गुरुत्व गोळीच्या वाटेला काटकोनात पूर्ण काम करत नाही, म्हणून पडझड (गोळीचं खाली येणं) कमी होते. पण २० यार्डावर सपाट नेमात गोळीची एकूण पडझड जेमतेम ०.६ इंच असते. ४५ अंशाच्या कोनात त्यातले दोन दशांश इंचसुद्धा वाचत नाहीत. .२२ ला झाडावरच्या अंतरांमध्ये कोन सोडून द्या, त्याचा हिशेब करत बसू नका.

तिरप्या नेमात खरी चूक वेगळीच होते. मान वर करून पाहताना गाल कुंद्यावरून उचलला जातो आणि डोळा स्कोपच्या मध्यातून सरकतो. हेच तुमच्या तिसऱ्या अडचणीचं मूळ असावं. पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा सरकला की क्रॉसहेअरही नेमावरून सरकल्यासारखा दिसणं.

हरणाच्या रायफलचा स्कोप बहुतेक वेळा १०० किंवा १५० यार्डाला पॅरॅलॅक्समुक्त केलेला असतो. रिमफायरसाठी (.२२ सारख्या छोट्या काडतुसांच्या रायफलसाठी) बनवलेला ५० ते ६० यार्डाला. ४० मिमी भिंगाचा, १०० यार्डाला लावलेला स्कोप १२ यार्डावर वापरला आणि डोळा अगदी कडेला गेला, तर नेम १७ मिमीपर्यंत, म्हणजे पाऊण इंचाच्या जवळपास चुकू शकतो. डोळा निम्मा सरकला तर निम्मी चूक. खारीच्या डोक्याचा उपयोगी भाग एक इंचाचा, त्यात हे परवडत नाही.

घरी तपासता येतं. रायफल रिकामी करा, बोल्ट काढून ठेवा. वाळूच्या दोन पिशव्यांवर पक्की बसवा. १२-१५ यार्डावर भिंतीवर एक ठिपका लावून क्रॉसहेअर त्यावर आणा. आता रायफलला अजिबात हात न लावता डोकं वर-खाली, डावीउजवीकडे हळू हलवा. क्रॉसहेअर ठिपक्यावरून सरकताना दिसेल. किती सरकतो ते पट्टीवर वाचता यावं म्हणून ठिपक्याखाली मिलिमीटरची पट्टी चिकटवा.

उपाय तीन. पुढच्या भिंगाभोवतीची रिंग फिरवून पॅरॅलॅक्स जुळवता येणारा स्कोप घ्या, किंवा रिमफायरचा साधा स्कोप घ्या. हाच ठेवायचा असेल तर गाल प्रत्येक वेळी कुंद्याच्या एकाच जागी टेकेल अशी सवय करा. उंच रिंगांमुळे गाल नीट टेकतच नसेल, हनुवटी टेकत असेल, तर कुंद्यावर फोमची पट्टी आणि वर कापडी टेप गुंडाळा.

रानवाटा

मोजली, उंची बरोबर दोन इंच निघाली. ठिपक्याचा प्रयोगही केला. पट्टीवर दोन्ही बाजूंना मिळून १६ मिमी सरकतो. खालच्या रिंगा घेतल्या तर फायदा होईल ना? आणि दुसऱ्या अडचणीचं काय? सागवान यांच्या हिशेबाप्रमाणे ५० वर गोळी नेमावरच हवी होती.

हिकरी

दुसरी अडचण काडतुसांची आहे आणि ती तुम्ही स्वतःच लिहून ठेवली आहे. झिरो एका काडतुसाने, शिकार दुसऱ्याने. १२६० वाली हलकी गोळी ५० यार्डाला लवकर पोहोचते, त्यामुळे वाटेत कमी खाली येते. नुसत्या वेगाच्या हिशेबानेच ती साधारण एक इंच वर लागेल. डावीउजवीकडे किती जाईल हे प्रत्येक नळीचं वेगळं, ते कागदावरच कळतं. १२ यार्डावर या दोन काडतुसांत फरक जवळजवळ नाही, म्हणून जवळ खाली आणि लांब वर अशी दोन्ही टोकं तुम्हाला दिसतात.

एकच काडतूस ठरवा आणि झिरो त्यानेच करा. निवडायचं कसं:

चार-पाच प्रकारांचे एकेक डबे घ्या. प्रकार बदलला की आधी १० ते १५ गोळ्या नुसत्या मातीच्या बांधावर सोडा. .२२ च्या शिशावर मेणाचा किंवा तेलाचा थर असतो, नळीत आधीच्या प्रकाराचा थर बसलेला असतो आणि तो बदलेपर्यंत ग्रुप फुटतो. मग ५० यार्डाला पाच गोळ्यांचे पाच ग्रुप. सगळ्यात लहान ग्रुप कोणता हे बघू नका, सगळ्यात *मोठा* कोणता ते बघा. रानात तोच तुमच्या वाट्याला येणार आहे. पाचही ग्रुप एका इंचाच्या आत असले तर ते काडतूस खारीला चाललं. पटलं की त्याच लॉट नंबरचे डबे साठवा, डब्याच्या झाकणाच्या आत नंबर छापलेला असतो.

प्रकारांच्या मध्ये नळी ब्रशने घासून काढू नका. .२२ ची नळी वारंवार साफ केली की पुन्हा बसायला तेवढ्याच गोळ्या घेते.

डोक्यावरच मारायचं असेल तर स्टँडर्ड व्हेलॉसिटीच्या साध्या ४० ग्रेनने काम होतं. ती आवाजाच्या वेगाच्या खाली राहते (आवाज २० अंश सेल्सियसला साधारण ११२५ फूट प्रति सेकंद), त्यामुळे चाबकासारखा कडाका होत नाही आणि आजूबाजूच्या खारी लवकर बाहेर येतात.

सागवान

रिंगांबद्दल: दीड इंचावर आणता आलं तर १० यार्डावरची चूक जवळजवळ निम्मी होते, अर्धा इंच खाली. १५ वर ०.२ इंच. मात्र २५ ते ४० यार्डात गोळी ०.३ ते ०.४ इंच वर राहील. एवढं चालतं. स्कोपच्या ४० मिमीच्या घंटेखाली (पुढच्या फुगीर भागाखाली) नळीपर्यंत कागद आरपार जाईल एवढी फट हवी, आणि बोल्टची मूठ पूर्ण उचलल्यावर स्कोपच्या मागच्या भागाला घासता कामा नये. हे दोन्ही तपासल्याशिवाय रिंगा विकत घेऊ नका. रिंगांचे स्क्रू १५ ते १८ इंच-पाउंडावर (पिळाच्या बळाचं माप), आलटून पालटून कसायचे. कुंद्याच्या स्क्रूंना किती बळ द्यायचं ते रायफलच्या पुस्तिकेत पाहा. ते सैल असले की ग्रुप न सांगता दोन भागांत विभागला जातो.

आणखी एक. टेकू घेताना नळी झाडाच्या सालीवर टेकवू नका, कुंद्याचा पुढचा भाग टेकवा आणि मध्ये हात किंवा टोपी घाला. नळी टेकली की गोळी टेकूपासून दूर सरकते.

ओकची फांदी

डोक्याबद्दल ठामपणे लिहितो. डोळा आणि कान यांच्या मधली रेषा, त्याहून मागे नाही. .२२ छातीत लागलेली खार ढोलीत शिरते आणि आत मरते. तुम्हाला मिळत नाही आणि तिचेही हाल होतात. डोकं स्थिर नसेल, फांदीआड असेल तर थांबा. करडी खार हिकरीचं फळ कुरतडायला बसली की मिनिटभर जागची हलत नाही, टरफलांचा बारीक चुरा पानांवर पडताना टपटप ऐकू येतो. तो आवाज आला की रायफल उचलायची वेळ झाली. पहाटेचे पहिले दोन तास आणि दुपारनंतरचे शेवटचे दोन, वारा नसताना.

आणि पाठीमागे काय आहे ते. आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या खारीवर .२२ कधीही सोडायची नाही. काडतुसांच्या डब्यांवर दीड मैलाचा इशारा छापलेला असतो तो उगाच नाही. खारीच्या मागे खोड हवं, किंवा डोकं जाड फांदीला टेकलेलं हवं. शिसं गोठलेल्या जमिनीवरून, पाण्यावरून आणि दगडावरून उडतं, तेही ध्यानात ठेवा. अशी जागा मिळत नसेल तर तिथे शॉटगन घ्या.

खोडाच्या पलीकडे गेली तर सोबत्याला त्या बाजूने हळू चालत जाऊ द्या, खार तुमच्या बाजूला येते. एकटे असाल तर काठी पलीकडे फेका. सोबती चालत असेपर्यंत बोट चापाबाहेर आणि नेम तो जिथे नाही तिथेच.

पानगळ

विषयाला थोडं सोडून, पण इथे वाचणाऱ्या बऱ्याच जणांना लागू आहे. एच-१बी, एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असणाऱ्याला अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला बंदी आहे. तिला अपवाद आहे: अमेरिकेतल्या कोणत्याही राज्याने दिलेला चालू शिकार परवाना जवळ असला तर बंदी लागू होत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपतो, रायफल घरात कपाटात असली तरी. म्हणून हंगाम नसला तरी परवान्याचं नूतनीकरण चुकवू नका. ग्रीन कार्डधारकांना ही अडचण नाही. एखाद्याची परिस्थिती गुंतागुंतीची असेल तर वकिलाला विचारावं.

हंगाम, रोजची मर्यादा, नारिंगी जाकीट आणि रिमफायर कुठे चालते हे राज्याराज्यात वेगळं असतं. चालू वर्षाची नियमपुस्तिका राज्याच्या वन्यजीव खात्याकडून घ्या, गेल्या वर्षीची वापरू नका.

रानवाटा

सगळ्यांचे आभार. एकच काडतूस ठेवतो, ४० ग्रेन स्टँडर्ड. खालच्या रिंगा मागवल्या आहेत, सालीची चूकही होत होती. शेवटचा प्रश्न: हंगामाच्या सुरुवातीला मारलेल्या खारीच्या मानेवर कातडीखाली शेंगदाण्याएवढी गाठ असते, मध्ये बारीक भोक. मांस टाकून द्यायचं का?

हिकरी

ती बॉटफ्लाय नावाच्या माशीची अळी आहे. उन्हाळ्याच्या शेवटी आणि सप्टेंबरात दिसते, थंडी पडली की अळ्या गळून पडतात. ती कातडी आणि स्नायू यांच्या मध्ये राहते, मांसात शिरत नाही. तेवढा भाग कातडीसकट कापून काढा, बाकी मांस खाण्याजोगं असतं. पाहून किळस येत असेल तर कडाक्याची थंडी एक-दोनदा पडून जाईपर्यंत थांबा. सोलताना हातमोजे घाला आणि मांस आतपर्यंत १६५ अंश फॅरेनहाइटला शिजवा.

गार होण्याआधी सोला, नंतर कातडी चिकटते. शेपटीच्या खालून कातडी कापत शेपटीचं हाड तोडा, पण वरची कातडी पाठीला जोडलेली राहू द्या. दोन्ही बाजूंना मांड्यांकडे छोटे छेद द्या. शेपटीवर पाय ठेवून मागचे पाय सावकाश वर ओढा, कातडी शर्टासारखी पुढच्या पायांपर्यंत निघते. काखेतल्या आणि कंबरेच्या वरच्या बारीक गाठी काढून टाका, नाहीतर रस्सा उग्र लागतो.

सागवान

नवीन रिंगा बसल्या की वरचा तक्ता जुना झाला असं समजा. १०, १५, २५, ४०, ५० आणि ६० यार्डावर प्रत्येकी तीन गोळ्या सोडा, फरक मोजा आणि कागदाच्या पट्टीवर लिहून कुंद्याच्या डाव्या बाजूला पारदर्शक टेपने चिकटवा. डिसेंबरात ५० यार्डाचा आकडा पुन्हा तपासा, थंड काडतुसाचा वेग थोडा उतरतो.