शब्दचर्चा: 'स्यूडो-रँडम'ला 'बनावट' म्हणायचं का?

दादर_पश्चिम: शाळकरी मुलांसाठी मराठीत प्रोग्रॅमिंगची पुस्तिका करतोय. एका प्रकरणात जॉर्ज मार्साग्लिया यांची 2003 सालची एक्सॉरशिफ्ट पद्धत घेतली आहे. ती स्यूडो-रँडम संख्या देते, म्हणजे ठरल्या सूत्राने काढलेल्या, पण कशाही आल्यासारख्या वाटणाऱ्या. मी लिहिलं होतं 'छद्म-यादृच्छिक संख्या'. मुद्रितशोधकांनी त्यावर फुली मारून 'बनावट संख्या' केलं. बनावट म्हटलं की डोळ्यांपुढे नोटा येतात हो. काय करावं?

व्याकरणी: 'यादृच्छिक'ला हात लावू नका. दहावीच्या संभाव्यतेच्या धड्यात आहे, मुलांना परका नाही. यत् अधिक इच्छा, म्हणजे मनाला येईल तसं. संपलं.

मुलुंडकरीण: संपलं कसं? यत् आणि इच्छा जोडलंत तर 'यदिच्छा' होईल. हा ऋ कुठून आला? मूळ अर्थ आपसूक घडून आलेलं. गीतेतला 'यदृच्छालाभसंतुष्ट' आठवा: न मागता मिळेल त्यात खूश. इच्छेचा तिथे पत्ताच नाही.

बिटबंड्या: आमच्या ऑफिसात कुणी 'यादृच्छिक' म्हणालं तर लोक वळून बघतील. 'रँडम' लिहा, सुरुवातीला द्यायच्या संख्येला 'सीड' लिहा. आणि 'छद्म' म्हणजे लबाडी, इथे लबाडी कसली? 32 बिटांची, म्हणजे 0 किंवा 1 च्या 32 घरांची संख्या घ्या. ती 13 घरं डावीकडे सरकवून मूळ संख्येशी एक्सॉर करा, म्हणजे घर वेगळं तिथे 1, सारखं तिथे 0. उत्तरावर तेच 17 घरं उजवीकडे, मग 5 डावीकडे. जे निघेल ते उत्तर, आणि पुढच्या फेरीला तेच घ्यायचं. तीन ओळी, गुणाकारसुद्धा नाही, म्हणून पळतं. सीड तेच दिलं की संख्यांची माळ तीच येते. गेममधला बग पुन्हा घडवून बघायचा तर नेमकं हेच हवं असतं.

मुलुंडकरीण: लबाडी नाही? आतली अख्खी स्थितीच उत्तर म्हणून बाहेर पडते. एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळल्या. ओटीपीला वापरून बघा.

बिटबंड्या: ताई, ओटीपीला हे कोण वापरतंय? त्याची साधनं वेगळी. 'गुप्ततेच्या कामाला चालणार नाही' असं ठळक छापा की झालं.

काळाचौकी: मुंबईत बसून रँडमला शब्द शोधताय! न्यूयॉर्कहून तारेने कापसाचे भाव यायचे, त्यावर पैजा लागायच्या. मटक्यातलं ओपन-क्लोज, म्हणजे बाजार उघडतानाचा आणि बंद होतानाचा आकडा, तिथलंच. ते थांबलं आणि चिठ्ठ्या मडक्यात गेल्या. अशी चिठ्ठी काढायची ती 'सोडत'. म्हाडामुळे शहरात पोराटोरांना पाठ आहे. 'सोडतीचा आकडा' म्हणा.

व्याकरणी: चूक. सोडतीत निघालेली चिठ्ठी परत आत जात नाही. रँडममध्ये तीच संख्या लागोपाठसुद्धा येऊ शकते.

बिटबंड्या: थांबा, मी आता काळाचौकीच्या बाजूने. हा 32 बिटांचा एक्सॉरशिफ्ट शून्य सोडून 4,29,49,67,295 संख्या एकेकदाच देतो, मगच नवी फेरी. लागोपाठ तीच संख्या कधीच येत नाही. म्हणजे सोडतच! आणि सीड शून्य देऊ नका, जन्मभर शून्यच निघेल.

व्याकरणी: मग ते रँडम कुठे राहिलं?

बिटबंड्या: म्हणूनच तर 'स्यूडो'.

मुलुंडकरीण: म्हणजे 'छद्म'. मी काय वेगळं म्हणत होते?

दादर_पश्चिम: मंडळी, 'बनावट' ठेवू की काढू? पानं छपाईला जायची आहेत.

काळाचौकी: आधी 'आकडा' की 'संख्या' ते ठरवा. मटक्यात एकटा तो आकडा, दोन जुळले की जोडी.